कुठे लिहिलंय?

परवा सकाळी आमची लेक मला म्हणाली, "बाबा, तू फार ऑब्ड्युरेट आहेस." मी म्हटलं, "थँक्यू."

पुरवणीतलं शब्दकोडं सुटेपर्यंत मी खुशीत होतो. मग चष्म्याच्या घरावर चिकटवलेली पिवळी चिठ्ठी दिसली. 'ऑब्ड्युरेट : हट्टी, अडेलतट्टू, कितीही समजावलं तरी ढिम्म न हलणारा.' खाली सरावासाठी एक वाक्य होतं. त्या वाक्यातला बाप गीझर दुरुस्तीला माणूस बोलवू देत नव्हता.

आमच्या घरात सध्या जीआरई आहे. पूर्वी घरात बाळंतीण असली की सगळे पाय न वाजवता चालायचे, तसं चाललंय. लेकीला अमेरिकेत एमएस करायचंय आणि त्यासाठी न्यू जर्सीतल्या ईटीएस नावाच्या संस्थेची ही परीक्षा द्यावी लागते. द्यावी लागते म्हणजे, तिच्या यादीतल्या काही विद्यापीठांनी आता ती ऐच्छिक केली आहे. मी म्हटलं, मग सोड की. तिनं उत्तर दिलं नाही, नुसतं पाहिलं. मलाच उमजलं. गणपतीची वर्गणीही ऐच्छिकच असते. पावतीपुस्तक घेऊन आठ जण दारात उभे राहिले की ऐच्छिकचा अर्थ कळतो.

गणिताची तिला फिकीर नाही. जीआरईचं गणित म्हणजे आपल्या शाळेतलंच. चार वर्षं इंजिनिअरिंग घासलेलं पोर त्याच्याकडे हलवायानं बत्ताशाकडे बघावं तसं बघतं. घाम फुटतो तो व्हर्बलला. इंग्रजी माध्यमात शिकून, इंग्रजी मालिका बघून, मैत्रिणींशी इंग्रजीत भांडून झाल्यावर पोरांना एका संध्याकाळी कळतं, की आपल्याला येतं ते इंग्रजी नव्हेच. खरं इंग्रजी न्यू जर्सीत कुलपात ठेवलेलं आहे.

हे दिव्य मीही एकदा केलं होतं. निदान सुरू केलं होतं. अप्पा बळवंत चौकातून जुनं बॅरन्सचं पुस्तक आणलं होतं, आणि त्यातली शब्दांची यादी म्हणजे साडेतीन हजारांची फौज, पन्नास तुकड्यांत उभी. पुस्तकाच्या आधीच्या मालकानं पहिल्या यादीतल्या प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ मारली होती. दुसऱ्या यादीत निवडक रेघा. तिसऱ्यात एकच, तीही वाकडी. चौथीपासून पुढे पुस्तक कोरं करकरीत. मी मोठ्या जिद्दीनं त्याच्या पुढे जायचं ठरवलं आणि पाचवीपर्यंत गेलो.

तेव्हा मित्र भेटला की "कसा आहेस" विचारायची पद्धत नव्हती. "कुठवर आलास?" "सी." 'ई' ओलांडलेल्या मुलाला कट्ट्यावर बसायला जागा करून देत. एक जण म्हणे 'एम'पर्यंत गेला होता, पण त्याला प्रत्यक्ष पाहिलेलं कुणी नव्हतं. याचा परिणाम असा, की माझं इंग्रजी आजही पहिल्या तीन अक्षरांत प्राध्यापकाच्या तोडीचं आहे. अबेस, अबेट, अबेरंट, अ‍ॅबस्टेमियस हे माझे घरचे शब्द. पण 'डी' आला की माझ्या डोळ्यांपुढे थेट डिमांड ड्राफ्ट उभा राहतो. मी अमेरिकेऐवजी बँकेत गेलो, हे आता निराळं सांगायला नको.

आमच्या वेळी परीक्षेत विरुद्धार्थी शब्द असत, शब्दांच्या जोड्या लावायच्या असत. पाठांतर करणाऱ्याचे ते सोन्याचे दिवस. २०११ साली ईटीएसनं हे दोन्ही प्रकार काढून टाकले. आता शब्द नुसता येऊन भागत नाही, तो वाक्यात नेऊन बसवावा लागतो. २०२३ च्या सप्टेंबरात आणखी काटछाट झाली आणि पूर्वी जवळजवळ चार तास चालणारी परीक्षा १ तास ५८ मिनिटांवर आली. व्हर्बलचे प्रश्न २७, मिनिटं ४१. आधी १२ प्रश्न १८ मिनिटांत, मग १५ प्रश्न २३ मिनिटांत. गुण १३० पासून १७० पर्यंत. म्हणजे सगळी उत्तरं चुकली तरी १३०. ताईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "आहेराची वाटी आधीच भरून ठेवलीय की रे!"

ताई म्हणजे माझी थोरली बहीण, लेकीची आत्या. सांगलीहून मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आली होती. ऑपरेशन झालं, डोळा बरा झाला, तरी पोरीची परीक्षा होईपर्यंत राहते म्हणाली. तिचं शिक्षण जुनी अकरावी. व्यवसाय असा काही नाही, पण तिनं जमवलेल्या लग्नांची संख्या पन्नासच्या वर आहे आणि त्यातली मोडलेली फक्त दोन. "त्यांची पत्रिका मी बघितली नव्हती," असं ती त्या दोघांबद्दल सांगते. या लेखाची खरी नायिका तीच.

पण आधी पाठांतर. लेकीनं मोबाइलवर अँकी नावाचं एक अ‍ॅप घेतलंय. त्यात शब्दांची पत्त्यांसारखी कार्डं असतात. शब्द आला तर ते कार्ड चार दिवस तोंड दाखवत नाही, पुन्हा आला तर दहा दिवस, मग महिना. आला नाही तर उद्या सकाळी पुन्हा दारात हजर. सावकाराची पद्धत हीच. विसरण्याचं हे शास्त्र एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं १८८५ साली मांडलं. त्यानं अर्थ नसलेली अक्षरं पाठ केली आणि ती किती तासांत किती विसरतात, ते स्वतःवरच मोजलं. लेक मला हे कौतुकानं सांगत होती. मला त्या माणसाबद्दल आपुलकी वाटली. अर्थ नसलेली अक्षरं मीही पाठ केली होती, फक्त मोजायचं सुचलं नव्हतं.

नुसत्या कार्डानं भागत नाही म्हणून प्रत्येक शब्दाला एक खुंटी लागते. खुंटी मराठीच हवी, कारण संकटात आठवतं ते मराठीच. लोक्वेशस म्हणजे बडबड्या : लोक वेशीवर जमले की दुसरं काय करणार? गॅरुलस म्हणजेही बडबड्याच : गारुडी. नाग टोपलीत गप्प असतो, गारुडी नसतो. टॅसिटर्न म्हणजे अबोल : तासाला एकदाच ज्याचा बोलायचा टर्न येतो तो. लॅक्रिमोस म्हणजे रडवेला : लेकरू. पॅलिड म्हणजे फिकट : ट्यूबलाइटमागची पाल. पेन्युरी म्हणजे दारिद्र्य : सगळं गेलं, पेन तेवढं उरी राहिलं. (ही खुंटी मी सुचवली. लेखकांच्या ओळखीतून आली.) क्वेरुलस म्हणजे सदा कुरकुर करणारा, इथे तर खुंटीचीही गरज नाही, 'कुरकुरलस' म्हटलं की झालं. मॉकिश म्हणजे उगाच गहिवरणारं, डोळ्यांतून टिपं गाळणारं : मावशी. ही चिठ्ठी फ्रिजवर लागली त्या दिवशी ताई इतकी प्रसन्न होती, की तिनं स्वतःहून शेंगदाण्याची चटणी केली. आत्यांवर एकही शब्द नाही, हे तिनं दोनदा तपासून घेतलं.

पग्नेशस म्हणजे भांडखोर. लेकीच्या नागपूरच्या मैत्रिणीनं त्याला 'पुणेशस' अशी खुंटी ठोकली. मी याला तीव्र आक्षेप घेतला. मुद्देसूद, पाऊण तास. लेकीच्या म्हणण्यानुसार तो शब्द तिला आता जन्मात विसरायचा नाही.

खुंट्यांची गंमत अशी, की खुंटी राहते आणि टोपी पडते. पहिल्या सराव परीक्षेत लोक्वेशस आला. लेकीला लोक आठवले, वेस आठवली, वेशीवरचं पिंपळाचं झाडसुद्धा आठवलं. पण ते लोक तिथे करत काय होते? एसटीची वाट बघत असावेत, असा विचार करून तिनं 'उतावीळ' या अर्थानं उत्तर दिलं. घरी येऊन मला म्हणाली, "बाबा, गाव डोळ्यांसमोर होतं रे, आवाजच ऐकू येत नव्हता."

आणि काही शब्द तर सरळ तोतये असतात. एनर्व्हेट या शब्दात एनर्जी दिसते. त्याचा अर्थ शक्ती काढून घेणं. रेस्टिव्हमध्ये विश्रांती दिसते, अर्थ बेचैन. नॉइसममध्ये गोंगाट ऐकू येतो, अर्थ दुर्गंधी. पल्क्रिट्यूड हा शब्द ऐकून कुणालाही वाटेल, की याच्यावर मलम लावायला हवं. तर तो निघतो सौंदर्य. सँक्शनची तऱ्हा याहून निराळी. बँकेत मी तीस वर्षं कर्जं सँक्शन केली, म्हणजे मंजूर केली. अमेरिका एखाद्या देशावर सँक्शन लावते तेव्हा मात्र त्या देशाचं नाक दाबते. एकाच शब्दानं वर देणं आणि शाप देणं हे मला फार लबाडीचं वाटलं. ताई म्हणाली, "त्यात काय? श्रीफळ देतात आणि नारळ देतात, यात फळ बदलतं का?"

साहेबालाही या बाजूनं हे भोगावं लागलंच होतं म्हणा. मोल्सवर्थसाहेबानं मराठी-इंग्रजी कोश केला, १८३१ साली पहिली आवृत्ती आणि १८५७ साली दुसरी. पाटील-कुलकर्ण्यांच्या, कुणब्यांच्या, बायकांच्या बोलण्यातलेसुद्धा शब्द त्यात आहेत. ते अर्थासकट गोळा करताना त्यालाही कुणीतरी 'दिवे लावले' म्हटलं असेल आणि त्यानं 'थँक्यू' म्हटलं असेल, अशी मी मनाची समजूत घालतो. आणि आपणही त्यांना अगदीच रिकाम्या हातानं पाठवलं नाही. इंग्रजी कोशात मंगूसची व्युत्पत्ती बघा. मराठी मुंगूस तिकडे कायमचं राहायला गेलंय, जीआरई न देता.

तर ताई. एका दुपारी ती स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती आणि लेक शेजारी लॅपटॉप घेऊन डोकं धरून. टेक्स्ट कम्प्लीशन चाललं होतं, म्हणजे गाळलेल्या जागा भरा. एक जागा गाळली असेल तर पाच पर्याय. दोन किंवा तीन गाळल्या असतील तर प्रत्येकीला तीन-तीन, आणि त्यांतली एक जरी चुकली तरी सगळं शून्य. लेक पाचही पर्याय वाक्यात एकेक करून घालून बघत होती, जसे आपण दुकानात चपला घालून बघतो. आणि चपलांसारखंच, पाचही थोडे थोडे बसत होते.

"मोठ्यानं वाच," ताई म्हणाली. "मराठीतनं."

लेकीनं वैतागून मराठी केलं. "समीक्षकांनी त्याच्या कादंबरीची स्तुती केली खरी, पण ती इतकी टिंबटिंब होती, की लेखकाला वाटलं, याच्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या."

"कोमट," ताई म्हणाली. मेथीची काडी मोडायची थांबली नव्हती.

लेकीनं पर्याय पाहिले. चौथा पर्याय होता टेपिड. तिनं अँकी उघडलं. टेपिड : कोमट.

स्वयंपाकघरात क्षणभर शांतता. मग लेकीनं लॅपटॉप ओढून ताईच्या आणि मेथीच्या मधोमध ठेवला.

"सरदार रणांगणावर शूर होता, पण दरबारात मात्र इतका टिंबटिंब, की राजा शिंकला तरी टाळ्या वाजवायचा."

"लाळघोट्या."

ऑब्सिक्विअस. बरोबर.

"वरकरणी तिचं बोलणं टिंबटिंब वाटे, पण ओळखणाऱ्यांना ठाऊक होतं, की त्या गोडव्यामागे टिंबटिंब दडलेलं आहे."

"थांब, कुठल्या घरची आहे ही?"

"आत्या, कुठल्याच घरची नाही. वाक्य आहे."

"साखरपेरणीचं. आणि मागे डूख."

दोन्ही जागा बरोबर. डूख या शब्दाला तर लेकीलाच कोश बघावा लागला, मराठी.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ताई गेली पन्नास वर्षं टेक्स्ट कम्प्लीशनच करत आली आहे. "मुलगी तशी सालस आहे हो, पण..." एवढं ऐकलं की पुढची गाळलेली जागा तिला दिसते. "घराणं जुनं, शिवाय..." यातल्या 'शिवाय'वरून पुढे चांगलंच येणार हे तिला कळतं आणि 'तशी'वरून वाईट येणार हेही. लेकीच्या क्लासमधले सर हेच सांगत होते : आधी पर्याय झाकून ठेवा, वाक्यातली वळणं शोधा, 'जरी', 'तरी', 'उलट', 'इतका की' यांवर बोट ठेवा, रिकाम्या जागी स्वतःचा साधा शब्द घाला आणि मगच खाली बघा. पर्याय हे बघायला आलेल्या पाहुण्यांसारखे असतात. आधी मनाशी ठरवलेलं नसेल तर प्रत्येक जण बरा वाटायला लागतो. सर हे चार व्याख्यानांत सांगत होते. ताईनं मेथीच्या एका जुडीत उरकलं.

दुसरा प्रकार सेन्टेन्स इक्विव्हॅलन्स. जागा एक, पर्याय सहा, उत्तरं दोन, आणि दोन्हींनी वाक्याचा अर्थ एकच व्हायला हवा. ताईला हे पटेना. "एक शब्द चपखल बसत असताना दुसरा कशाला?" असं तिनं विचारलं खरं, पण मग स्वतःच हसली. बाजारहाट. कागदपत्र. धनदौलत. रीतिरिवाज. आपण तर दोन्ही उत्तरं एकदमच देतो, एक आपल्या घरचं आणि एक फारसी-अरबीकडून आलेलं, न जाणो एक चुकलं तर. यात सापळा असा, की सहांत एक जोडी अगदी जुळ्या बहिणींसारखी असते आणि वाक्याशी तिचा काही संबंध नसतो. आणि एक शब्द वाक्यात झकास बसतो, पण त्याला जोडीदारच नसतो. "त्या एकट्याला सोडून द्यायचं," ताई म्हणाली. "कितीही चांगला असो. एकट्याचं स्थळ पुढे सरकत नाही."

परीक्षेची रचनाही तिनंच मला समजावली. पहिला भाग चांगला सोडवला तर दुसरा अवघड येतो, सुमार सोडवला तर सोपा येतो. पण सोपा आला की गुण वर चढत नाहीत. मला यात अन्याय दिसत होता. ताईला मुळीच दिसला नाही. "पहिल्या पंगतीला ज्या सुनेनं नीट वाढलं तिलाच दुसऱ्या पंगतीला भाताचं पातेलं देतात. जिनं सांडलं तिला मीठ-लिंबू." चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडायचा नाही, हेही तिला लगेच मान्य झालं. रिकामं पान तिला कुठल्याच पंगतीत बघवत नाही.

एवढं झाल्यावर आम्हाला वाटलं, आता व्हर्बल घरात पाणी भरणार. आणि मग आलं रीडिंग कॉम्प्रिहेन्शन, म्हणजे उतारे.

उताऱ्यांबद्दल आधी एक सांगतो. जगातले सर्व कंटाळवाणे विषय कुणीतरी निगुतीनं जमवून, त्यांतला उरलासुरला रस पिळून काढून, हे उतारे तयार केलेले असतात. समुद्रतळावरच्या कृमींचं श्वसन. मध्ययुगीन करपद्धतीबद्दल दोन इतिहासकारांचं, न भांडता झालेलं भांडण. लेकीचे सर सांगतात, की हा विषय मला अत्यंत आवडतो असं मनाला बजावून वाचा. मी कृमींच्या उताऱ्यावर प्रयोग केला. दुसऱ्या ओळीपर्यंत आवड टिकली.

ताईला दिलेला उतारा एका चित्रकाराचा होता. त्याची अखेरची चित्रं घाईत उरकलेली आहेत असं समीक्षक म्हणत आले. पण आता तपासणीत त्या चित्रांमध्ये रंगांचे कितीतरी थर सापडले आहेत, आणि एवढे थर वाळायला महिनोन् महिने लागतात. बस, एवढाच मजकूर. प्रश्न : यावरून कोणता निष्कर्ष काढता येईल?

"पैशाची ओढाताण असणार," ताई म्हणाली. "आणि बायको माहेरी गेली असणार."

"आत्या! हे कुठे लिहिलंय?"

"लिहायला कशाला हवं? महिनोन् महिने एकाच चित्रावर रंग फासत बसलाय. घरात कोण बोलणार होतं त्याला?"

बरोबर उत्तर होतं : जुन्या मताचा फेरविचार व्हायला हवा. ताईनं ते तीनदा वाचून घेतलं. मग तिच्या चेहऱ्यावर फसवणूक झाल्याचा भाव आला. "एवढंच? हे तर तो स्वतःच सांगतोय. मग यात विचारायचं काय?"

पुढच्या अकरा उताऱ्यांत ताईचं एकही उत्तर बरोबर आलं नाही. वाक्यात तिनं जो चमत्कार केला, तोच उताऱ्यात तिच्या मुळावर आला. जे लिहिलंय ते तिला दिसतच नव्हतं. तिची नजर थेट त्याच्या मागे काय आहे तिकडे जायची. मधमाश्यांच्या उताऱ्यात तिला राणीमाशीची सासू दिसली. 'लेखकाचा सूर कसा आहे' या प्रश्नावर पर्याय होते साशंक, तटस्थ, कौतुकाचा वगैरे, तिनं सांगितलं, "याला बढती मिळालेली नाही." यावर लेक म्हणाली, की असा पर्याय नाही. ताई म्हणाली, की तो त्यांचा दोष.

खरं तर चूक तिची नाही. आपली सगळी भाषाच न लिहिलेलं वाचण्यावर उभी आहे. "चहा घेणार का?" आणि "चहा घेणारच असाल ना?" यांतला फरक ज्याला कळत नाही, तो पाहुणा पुन्हा येत नाही. "बघू" म्हणजे नाही. "बघतो" म्हणजे नाहीच. "बघून कळवतो" म्हणजे नाही, आणि पुन्हा विचारू नका. उताऱ्यात मात्र हे ज्ञान म्हणजे गुन्हा. तिथे पर्याय निवडला की त्याला पुरावा देणारी ओळ बोटानं दाखवता आली पाहिजे; नाही दाखवता आली तर तो पर्याय कितीही खरा वाटो, खोटा. 'नेहमी', 'फक्त', 'कधीच नाही' असे शब्द ज्यात असतील तो पर्याय संशयित. बहुतेक वेळा उत्तर निघतं ते सगळ्यांत बेचव पर्यायात, जो 'काही अंशी', 'कदाचित', 'निदान काही बाबतींत' असं पुटपुटत कोपऱ्यात उभा असतो. ताईच्या वहीत अशी स्थळं बरीच आहेत : मध्यम उंची, कायम नोकरी, निर्व्यसनी. लग्नं त्यांचीच होतात, पण सांगायला गोष्ट काही नसते.

लेकीनं हे व्रत इतकं मनावर घेतलं, की 'कुठे लिहिलंय?' हा प्रश्न घरभर फिरायला लागला. आईनं म्हटलं, कपाट आवर. "आजच, असं कुठे लिहिलंय?" मी म्हटलं, दूध उतू गेलं, तुला कळत नाही? "गॅस मी बंद करायचा होता, याला उताऱ्यात आधार नाही."

कळस झाला तो माझे साडू जेवायला आले त्या रविवारी. पुरणपोळ्या होत्या. वाढायचं काम लेकीकडे. तिसरी पोळी घेऊन ती त्यांच्यापाशी गेली. साडू म्हणाले, "नको नको." ती थांबली. ते म्हणाले, "नको गं, खरंच नको." आणि मग, "अगदी नको हं!" लेक वळली आणि पोळी स्वयंपाकघरात घेऊन गेली.

साडूंचा हात तसाच हवेत राहिला. ताटात तुपाचा एक एकाकी ओघळ होता. मी कढीबद्दल काहीतरी बोललो. आतून बायकोचा दबलेला आवाज ऐकू येत होता : "अगं, पहिलं नको म्हणजे वाढ. दुसरं म्हणजे अर्धी वाढ. तिसरं म्हणजे तूप जरा कमी घाल. ताटावर आडवा हात आला, की ते खरं नको!" आणि त्यावर लेकीचा तितकाच दबलेला आवाज : "तीनदा म्हणाले ते. तीनदा! याहून स्पष्ट पुरावा कुठल्या उताऱ्यात मिळतो?"

साडू त्या दिवशी आइसक्रीमला थांबले नाहीत. ताईच्या मते त्यांनी 'थांबत नाही' म्हटलं त्याचा अर्थ 'थांबवा' असा होता. पण तोवर आमच्या घरात अर्थ लावायची कुणाची हिंमत राहिली नव्हती.

सराव परीक्षेतले लेकीचे उतारे मात्र त्याच आठवड्यात सुधारले. मी साडूंना तसं कळवलं नाही.

परीक्षेच्या दिवशी ताईनं लेकीच्या हातावर दही घातलं आणि रुमालात अंगाऱ्याची पुडी बांधून दिली. केंद्रावर ओळख पटवायला पासपोर्ट लागतो; घड्याळ, फोन, पाकीट सगळं लॉकरमध्ये; खिसे उलटे करून दाखवायचे. अंगाराही लॉकरमध्ये गेला. लेकीनं त्यातला चिमूटभर आधीच कपाळाला लावला होता, असं तिनं नंतर सांगितलं. कपाळ उलटं करून दाखवायला सांगत नाहीत.

मी समोरच्या टपरीवर दोन चहा घेतले. तिसरा मागवताना टपरीवाल्यानं "मुलीची परीक्षा?" असं विचारलं. मी त्याला तसं काहीच सांगितलं नव्हतं.

लेक बाहेर आली. व्हर्बल आणि गणिताचे गुण परीक्षा संपल्या संपल्या पडद्यावर दाखवतात, हे मला माहीत होतं. आणि मला माहीत आहे, हे तिला माहीत होतं. मी विचारलं, "कसा गेला?"

"बरा," ती म्हणाली आणि हेल्मेट घालायला लागली.

तेवढ्यात ताईचा फोन आला. मी जरा बाजूला जाऊन सांगितलं, की बरा गेला म्हणते.

"बरा म्हणाली, की बरा होता म्हणाली?"

"नुसतं बरा."

"म्हणायच्या आधी थांबली का?"

"नाही."

"आत्ता काय करतेय?"

"हेल्मेटचा पट्टा लावतेय. मिसळ खाऊया म्हणतेय."

"तर्री जास्त की कमी?"

"ताई, हे मी कसं..."

"विचार."

मी विचारलं. लेक म्हणाली, "जास्त."

"एकशेसाठच्या वर आहे," ताई म्हणाली. "येताना पेढे आण. कंदी आण, नेहमीचे नकोत." आणि फोन ठेवला.

मी लेकीला म्हटलं, "आत्या म्हणतेय, एकशेसाठच्या वर."

तिनं हेल्मेटची काच वर केली. "एकशे एकसष्ट," ती म्हणाली. "पण तिला कुणी सांगितलं? मी तर कुणालाच..."

"कुणी नाही."

"मग?"

मी स्कूटरला किक मारली.